सशाचे पोट नाजूक असेल तर पेलेट कोणते घ्यावे? कुसगाव-लोणावळ्याच्या पावसात हा प्रश्न आणखी अवघड का होतो?

घरातल्या सशाने सकाळी खाणे सोडले, कोपऱ्यात अंग आखडून बसला, लेंड्या बारीक झाल्या किंवा दिसेनाशाच झाल्या, की पाळणारा आधी पेलेटच्या पाकिटाकडे पाहतो. हा ब्रँड चालत नाही, दुसरा आणू, असे ठरते. दुसरा आणला जातो, त्याच दिवशी वाटीत ओतला जातो आणि पोट आणखी बिघडते. मग तिसरा ब्रँड.

नाजूक पोटाच्या सशासाठी पेलेट निवडणे म्हणजे चांगला ब्रँड शोधणे नव्हे. पाकिटाच्या मागचे चार आकडे वाचणे, वाटीतले वजन कमी करणे आणि पाकीट कोरडे ठेवणे, ही तीन कामे आहेत. तिसरे काम इतर ठिकाणी सोपे असते. मावळात ते सोपे नाही.

मिसिंग लिंकच्या कामामुळे कुसगावचे नाव गेली काही वर्षे सतत बातम्यांत आहे. लोणावळ्याला खेटून असलेल्या या गावाच्या आसपास बंगले, फार्महाऊस, रिसॉर्ट आणि कॉलेजची वसतिगृहे आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत लोणावळा परिसरात अनेक वर्षी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कपाटातल्या चपलांवर जिथे बुरशी चढते, तिथे उघड्या पाकिटातल्या पेलेटचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

सशाचे पोट चालते कसे?

गाय-म्हैस रवंथ करते, ससा करत नाही. गाईचे चारा आंबवण्याचे काम पोटाच्या पुढच्या भागात होते, सशाचे मागच्या भागात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सीकम नावाची मोठी पिशवी असते. तिच्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि चाऱ्यातला बारीक भाग आंबवतात.

आतड्याची एक करामत इथे समजून घ्यायला हवी. खाल्लेल्या गवतातले लांब, जाड, न पचणारे तंतू सशाचे आतडे वेगळे काढते आणि झपाट्याने बाहेर टाकते. त्याच आपल्याला दिसणाऱ्या गोल, कोरड्या लेंड्या. बारीक कण आणि द्रव मात्र उलट दिशेने सीकममध्ये परत ढकलले जातात. तिथे आंबून त्यांची मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी तयार होते. ती ससा थेट गुदद्वारातून तोंडाने घेऊन गिळतो. बरेच लोक हे पाहून घाबरतात किंवा किळस करतात. पण या मऊ लेंडीतूनच त्याला बी गटातली जीवनसत्त्वे आणि बरीचशी प्रथिने मिळतात. त्याला ती खाऊ दिलीच पाहिजे.

लांब तंतूंचा आणखी एक उपयोग आहे. ते पचत नाहीत, पण आतड्याला हलते ठेवतात. ते कमी पडले की आतड्याची गती मंदावते, पोटात गॅस धरतो, दुखू लागते, दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थांबते. पशुवैद्यक याला जीआय स्टेसिस म्हणतात. सशाला ओकता येत नाही. त्यामुळे आत गेलेले चुकीचे अन्न मागच्या दारानेच बाहेर पडायला हवे.

उलट बाजूने, पिष्ट म्हणजे स्टार्च आणि साखर जास्त गेली तर तिचा न पचलेला भाग सीकममध्ये पोहोचतो आणि जिवाणूंचे संतुलन बिघडते. पिल्लांमध्ये हा धोका फार मोठा असतो, कारण स्टार्च पचवण्याची त्यांची क्षमता अजून पुरी झालेली नसते. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढून विष तयार करतात आणि पिल्लू एका-दोन दिवसांत जाते. बाजारातून आईपासून लवकर तोडून आणलेली पिल्ले घरी आल्यावर आठवड्यात मरतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते: दूध लवकर सुटले, प्रवासाचा ताण, आणि घरी आल्या आल्या बिस्कीट, पोळी, भिजवलेले हरभरे.

आधी खात्री करा की दोष पेलेटचाच आहे

नाजूक पोट हे लेबल सशाला फार पटकन लावले जाते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर. गवत चावताना ते आडवे घासले जातात. गवत कमी असेल तर दाढांना टोके येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात आणि ससा हळूहळू कडक गवत टाळून मऊ पदार्थ निवडू लागतो. बाहेरून दिसते ते एवढेच, की याला गवत आवडत नाही, पोटही बरे नसते. अशा सशाला जगातले सर्वांत महाग पेलेट दिले तरी उपयोग नाही. दाढा तपासून घ्याव्या लागतात आणि त्या साध्या तोंड उघडून दिसत नाहीत.

दुसरे कारण कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी. तरुण सशांत आणि दाटीवाटीने ठेवलेल्या सशांत ते जास्त असतात. ताज्या लेंड्यांच्या तपासणीत कळते, औषधाने आटोक्यात येतात. पेलेट बदलून जात नाहीत.

तिसरी गोष्ट खरोखर खाण्याशी जोडलेली आहे. शेपटीखाली चिकट, वास मारणारा थर जमतो, पण गोल लेंड्या नेहमीसारख्या असतात. याला लोक हगवण म्हणतात, पण ती हगवण नसते. ती न खाल्लेली मऊ लेंडी असते. ससा जाड झाला असेल तर त्याचे तोंड तिथवर पोहोचत नाही, किंवा पेलेट आणि गोड खाणे जास्त झाल्याने ती मुळातच पातळ बनते. या सशांना आहार बदलल्याने खरा फरक पडतो. पाण्यासारखी खरी हगवण मात्र वेगळी. विशेषतः पिल्लाला झाली तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

पाकिटाच्या मागे काय वाचायचे?

समोरचे चित्र, ताजी गाजरे, ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’ हे सगळे सोडून द्यावे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात विश्लेषणाचा तक्ता असतो.

क्रूड फायबर हा पहिला आकडा. प्रौढ, पाळीव, फारशी धावपळ न करणाऱ्या सशासाठी तो १८ टक्क्यांच्या खाली नसावा. पोट नाजूक असेल तर २० ते २५ टक्के शोधावा. भारतीय बाजारात कमी फायबरची, रंगीत दाण्यांची पाकिटे सहज मिळतात. ती ससा आवडीने खातो, कारण ती गोड असतात. आवड हा निकष धरला तर मुलांना रोज चिक्कीच जेवायला द्यावी लागेल.

प्रथिने प्रौढ सशाला १२ ते १४ टक्के पुरतात. सहा महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लाला १६ टक्क्यांच्या आसपास चालतात. स्निग्धांश ३ टक्क्यांच्या पुढे नको. कॅल्शियम ०.५ ते १ टक्का या दरम्यान असावे. माणसाचे शरीर गरजेपुरते कॅल्शियम शोषते, सशाचे शरीर मिळेल तेवढे शोषते आणि जास्तीचे लघवीतून टाकते. त्यामुळे कॅल्शियम भरपूर असलेले खाणे वर्षानुवर्षे दिले तर मूत्राशयात गाळ आणि खडे होण्याचा धोका वाढतो.

स्टार्चचा आकडा मात्र बहुतेक पाकिटांवर नसतोच. तो अंदाजाने काढता येतो. फायबर, प्रथिने, स्निग्धांश, राख आणि ओलावा यांची बेरीज करून १०० मधून वजा करायची. समजा एका पाकिटावर फायबर १०, प्रथिने १६, स्निग्धांश ३, राख ८ आणि ओलावा १२ आहे. बेरीज ४९, उरले ५१. दुसऱ्यावर फायबर २५, प्रथिने १४, स्निग्धांश २, राख ८, ओलावा १०. बेरीज ५९, उरले ४१. उरलेला सगळा भाग स्टार्च नसतो, त्यात पचणारे तंतूही असतात. शिवाय तक्त्यातले आकडे किमान किंवा कमाल असे दिलेले असतात, अचूक नसतात. तरी दोन पाकिटे शेजारी ठेवून तुलना करायला ही वजाबाकी पुरेशी आहे. ज्यात उरते कमी, ते नाजूक पोटाला बरे.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याची पद्धत आहे. पहिले नाव टिमोथी गवत, कुरणातले गवत किंवा ओटचा चारा असेल तर उत्तम. पहिले नाव मका, गहू किंवा तांदळाचा कोंडा असेल तर ते पेलेट धान्याचे आहे, गवताचे नाही. अल्फाल्फा म्हणजे आपली लसूण घास. ती वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला ठीक, पण प्रौढ सशाला तिच्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जड पडतात. मोलॅसिस म्हणजे उसाची मळी दाणे बांधून ठेवण्यासाठी थोडी वापरतात. ती यादीच्या शेवटी असेल तर चालते, वरच्या तीन-चार नावांत असेल तर नको. मध, सुका मेवा, सूर्यफुलाच्या बिया, दह्याचे थेंब हे शब्द दिसले की पाकीट खाली ठेवावे.

‘प्रोबायोटिक’, ‘युक्का’, ‘डायजेस्टिव्ह सपोर्ट’ या शब्दांसाठी जास्तीचे पैसे देण्याची घाई नको. युक्काचा उपयोग मुख्यतः लघवीचा वास कमी व्हावा म्हणून असतो. मूळ फायबर कमी असेल तर वरून घातलेल्या चिमूटभर पावडरीने ते भरून निघत नाही.

एकसारखे दाणे की रंगीबेरंगी मिश्रण?

याचे उत्तर बऱ्यापैकी निर्विवाद आहे. एडिनबरा विद्यापीठाच्या पशुवैद्यक संशोधकांनी ३२ सशांवर १७ महिने एक अभ्यास केला. चार गट केले: फक्त गवत, एकसारखे पेलेट आणि गवत, मिश्र खाद्य आणि गवत, आणि फक्त मिश्र खाद्य. मिश्र खाद्य मिळालेल्या सशांनी त्यातले धान्याचे गोड तुकडे निवडून खाल्ले आणि तंतुमय तुकडे बाजूला टाकले. त्यांनी गवत कमी खाल्ले, वजन वाढले, मऊ लेंड्या न खाता पडून राहण्याचे प्रमाण वाढले, आणि फक्त मिश्र खाद्यावर असलेल्यांच्या दातांत बिघाड दिसला. याचा परिणाम म्हणून ब्रिटनमधल्या काही दुकानांनी २०१३ च्या सुमारास असे मिश्र खाद्य विकणेच बंद केले. आपल्याकडच्या दुकानांत ते अजून पहिल्या फळीवर असते.

म्हणून सगळे दाणे एका रंगाचे, एका आकाराचे हवेत. मग सशाला निवड करताच येत नाही.

गोळी पेंड, कोंबडीचे खाद्य, ब्रॉयलर सशाचे खाद्य

मावळात दुधाचा व्यवसाय आहे, त्यामुळे घरात किंवा शेजारी गोळी पेंडीचे पोते असतेच. दिसायला ती सशाच्या पेलेटसारखीच. दोन किलोच्या प्राण्यासाठी वेगळे पाकीट कशाला, असा हिशेब सहज होतो. पण गोळी पेंड रवंथ करणाऱ्या जनावरासाठी बनवलेली असते. तिच्यात सरकी पेंड असू शकते, आणि थोड्या प्रमाणात युरियाही घालण्याची मुभा असते. गाईच्या पोटातले जिवाणू युरियाचे प्रथिन करतात. सशाच्या पोटाची रचना त्या कामाची नाही. सरकीतले गॉसिपॉल हे द्रव्यही एका पोटाच्या लहान प्राण्यांना बाधते.

कोंबडीचे खाद्य त्याहून वाईट. ते जवळपास सगळे मका आणि सोयाबीनचे असते, तंतू नावापुरते. त्यात कॉक्सिडियाविरोधी औषधे मिसळलेली असू शकतात आणि त्यांतली काही, विशेषतः आयोनोफोर गटातली, सशाला अगदी थोड्या जास्त मात्रेतही विषारी ठरू शकतात.

ब्रॉयलर सशाचे खाद्य हा प्रकार जरा फसवा आहे, कारण पाकिटावर ससाच असतो. भारतात सशाच्या आहारावरचे संशोधन मुख्यतः मांस आणि लोकरीसाठी झाले. राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, तिचे तमिळनाडूतल्या मन्नावनूरचे मांसल सशांचे केंद्र आणि हिमाचलातल्या गडसाचे अंगोरा सशांचे केंद्र ही त्यातली प्रमुख नावे. तिथे प्रश्न असतो ससा कमी दिवसांत किती वजन धरतो हा. खोलीत आठ-दहा वर्षे जगणाऱ्या सशाचा प्रश्न नेमका उलटा असतो. जलद वाढीसाठीचे १६ ते १८ टक्के प्रथिनांचे खाद्य त्याला नको.

किती द्यायचे?

निवडीइतकेच, कदाचित जास्त, महत्त्व या आकड्याला आहे. निरोगी प्रौढ सशाला दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅम पेलेट ही वरची मर्यादा मानतात. पोट नाजूक असेल तर १० ते १५ ग्रॅमवर आणावे. म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला २० ते ३० ग्रॅम, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. वाटी भरून ठेवायची आणि रिकामी झाली की परत भरायची, हीच बहुतेक घरांतली खरी चूक असते. पेलेट वाटीने मोजू नये, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावे, कारण प्रत्येक ब्रँडच्या दाण्याची घनता वेगळी असते.

उरलेले जवळपास सगळे पोट गवताने भरायला हवे. रोज सशाच्या स्वतःच्या आकाराएवढा वाळक्या गवताचा ढीग, चोवीस तास समोर. पेलेटमध्ये २५ टक्के फायबर असले तरी ते बारीक दळलेले असते. दळलेला तंतू आतड्याला लांब तंतूसारखा ढकलत नाही, दातही झिजवत नाही. त्यामुळे पेलेट गवताची जागा घेऊ शकत नाही, हे पाकिटावर कितीही मोठ्या अक्षरात वेगळे लिहिले असले तरी.

म्हणूनच वारंवार चिकट लेंड्या होणाऱ्या प्रौढ सशाला पशुवैद्यक काही आठवडे पेलेट पूर्ण बंद करायला सांगतात. फक्त गवत, पाणी आणि थोडा ओळखीचा पाला. अनेक सशांचे पोट एवढ्यानेच रुळावर येते. पण हे वजनावर लक्ष ठेवून करायचे. म्हातारा ससा, दाढा काढलेला ससा, वाढते पिल्लू, गाभण किंवा पाजणारी मादी यांचे पेलेट असे मनाने तोडायचे नाही.

मावळात गवत कोणते?

परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, पण महाग पडते. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून वाळके गवत अमेरिकेतून मागवणे हे विनोदी वाटले तरी त्याला एक कारण आहे: ते स्वच्छ, कोरडे आणि वर्षभर सारखे असते. स्थानिक पर्याय आहेत, फक्त निवडून घ्यावे लागतात. मारवेल, पवना ही जनावरांच्या आवडीची गवते फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावलीत नीट वाळवली तर सशालाही चालतात. डोंगरउतारावरचे कुसळी गवत मात्र टाळावे. त्याच्या काटेरी कुसळी तोंडात, डोळ्यात, कातडीत घुसतात.

भाताचा पेंढा इथे मुबलक. इंद्रायणी तांदळाच्या या पट्ट्यात दिवाळीनंतर खळ्यावर पेंढ्याच्या गंजी लागतात. तो खाली अंथरायला उत्तम आहे. सशाने त्यातला थोडा चघळला तर बिघडत नाही. पण मुख्य चारा म्हणून तो निकस आहे आणि पावसात भिजलेला असेल तर अंथरायलाही नको. हिरवे ओले गवत पावसाळ्यात एकदम भरपूर घालणे हे पोट फुगण्याचे नेहमीचे कारण. रस्त्याकडेचे गवत गाड्यांचा धूर, तणनाशक आणि भटक्या कुत्र्यांमुळे नकोच.

पावसाळ्यातली साठवण

पेलेट म्हणजे दाबून वाळवलेला चारा. दमट हवेत तो पाणी ओढतो. दाणा आधी मऊ होतो, मग भुगा होतो, मग वास बदलतो. शेंगदाणा पेंड किंवा मका असलेल्या खाद्यावर ॲस्परजिलस बुरशी वाढली तर अफ्लाटॉक्सिन हे यकृताचे विष तयार होते. ससा हा या विषाला सर्वांत जास्त बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी एक आहे. हे विष उन्हात वाळवून किंवा गरम करून जात नाही आणि बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीही खाद्यात असू शकते. त्यामुळे वरचा खराब थर काढून खालचे वापरू, हा विचार इथे चालत नाही. कोंदट वास आला की पाकीट कचऱ्यात.

हिशेब असा करता येतो. दोन किलोचा ससा रोज २० ग्रॅम खात असेल तर महिन्याला ६०० ग्रॅम लागतात. पाच किलोची बॅग स्वस्त दिसते, पण ती आठ महिने पुरेल, म्हणजे मे महिन्यात उघडलेली बॅग पूर्ण पावसाळा दमट हवेत काढेल. एक किलोचे पाकीट पन्नास दिवसांत संपते. पावसाळ्यात तेच घ्यावे. घेताना उत्पादनाची तारीख पाहावी. दुकानदार मोठ्या गोणीतून सुटे तोलून देत असेल तर तारीख, घटक आणि गोणी उघडून किती दिवस झाले हे काहीच कळत नाही. सुटे घेऊ नये.

घरी आणल्यावर मूळ पाकिटासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, त्यात सिलिका जेलची पुडी पाकिटाबाहेर, सशाला मिळणार नाही अशी टाकावी. डबा भिंतीला आणि जमिनीला टेकवू नये. फ्रीजमधून रोज आत-बाहेर केल्यास दाण्यावर पाणी सुटते, त्यापेक्षा कोरडे कपाट बरे. वाटीत उरलेले दाणे रोज टाकून द्यावेत.

शनिवार-रविवारपुरते वापरले जाणारे बंगले हा इथला खास प्रश्न. आठवडाभर बंद घरात उरलेले अर्धे पाकीट पुढच्या शनिवारी सशाला घालू नये. मुंबई-पुण्याहून ससा सोबत आणणाऱ्यांनी त्याचेच पेलेट, त्याचेच गवत आणि दोन दिवसांचे जास्तीचे असे बांधून आणावे. प्रवासाच्या ताणाने पोट आधीच मंदावलेले असते, त्यात नवे खाद्य नको.

नवे पेलेट सुरू कसे करायचे?

सीकममधले जिवाणू जुन्या खाद्याला सरावलेले असतात. त्यांना बदलायला वेळ लागतो. साध्या सशाला दहा-बारा दिवस, नाजूक पोटाच्याला तीन आठवडे द्यावेत. पहिले चार-पाच दिवस जुन्या पेलेटच्या तीन भागांत नव्याचा एक भाग. लेंड्या गोल, कोरड्या, नेहमीच्या आकाराच्या राहिल्या तर अर्धे-अर्धे. मग तीन भाग नवे. लेंड्या बारीक किंवा चिकट झाल्या तर मागच्या पायरीवर परत यायचे, पुढे रेटायचे नाही. या काळात नवा पाला, नवे फळ काहीही सुरू करू नये. नाहीतर बिघडले कशाने, हेच कळत नाही.

आठवड्यातून एकदा वजन आणि रोज लेंड्यांचा मोबाइलवर फोटो. दोन आठवड्यांपूर्वीच्या लेंड्या आठवत नाहीत, फोटोत दिसतात. आणि हे फोटो पशुवैद्यकाला कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

पाल्यात कोथिंबीर, थोडी मेथी, मुळ्याचा पाला चालतो. कोबी, फ्लॉवर गॅस धरणाऱ्यांना नको. गाजर म्हणजे सशाचे अन्न हा समज कार्टूनमधून आला, त्यात साखर भरपूर असते. बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही पोट बरे असताना. आणि केस पोटात अडकले म्हणून पपई किंवा अननसाचा रस पाजणे हा जुना उपाय: त्यातल्या एन्झाइमने केस विरघळत नाहीत, साखर मात्र जाते. केसांचा गोळा हा बहुतेक वेळा आतडे थांबल्याचा परिणाम असतो, कारण नव्हे.

रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रांत ठेवलेल्या सशांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. तिथे पेलेट कोणते, हा प्रश्न दुय्यम ठरतो. दिवसभरात वीस मुले वीस गोष्टी भरवतात: चिक्की, मक्याचे दाणे, वेफर्स, भज्यांचे तुकडे. पिंजऱ्याबाहेर फक्त गवताच्या काड्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या ठेवल्या आणि भरवायचे असेल तर यातलेच, अशी पाटी लावली तर मुलांची मजाही राहते आणि ससेही.

शेतात सापडलेले पिल्लू

भात कापणीच्या वेळी मावळात शेताच्या बांधावर सशाची पिल्ले सापडतात. ती पाळीव सशाची नव्हेत. रानससा हा वेगळा प्राणी आहे, त्याची पिल्ले डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, आई दिवसा जवळ नसते, रात्री येऊन पाजते. एकटे दिसले म्हणजे पोरके झाले असे नाही. त्याला घरी आणून पेलेट किंवा गाईचे दूध दिले तर ते बहुधा जगत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा संरक्षित आहे. पिल्लू जागेवरच ठेवावे, जखमी असेल तर वन विभागाला कळवावे.

दवाखाना कधी?

सशाने बारा तास काहीच खाल्ले नाही, लेंड्या पूर्ण बंद झाल्या, पोट ढोलासारखे ताणले, ससा दात खात अंग आखडून बसला, कान थंड पडले, यांतले काहीही दिसले तर पेलेटचा विचार थांबवायचा. ही आणीबाणी आहे आणि सशात ती तासांत वाढते. तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांचे. सशांची सवय असलेला पशुवैद्यक बहुधा पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये शोधावा लागतो. कुसगावहून पुणे साठ-पासष्ट किलोमीटर आहे, आणि रविवारी संध्याकाळी लोणावळ्याची वाहतूक कशी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नंबर आणि वेळा आधीच शोधून मोबाइलमध्ये ठेवाव्यात, ससा बरा असताना एकदा दाखवून आणावे. मुंबईच्या बाजूला परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे, साताऱ्याच्या दिशेला शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय.

घरातली माणसांची औषधे द्यायची नाहीत. ॲमॉक्सिसिलिनसारखी पोटातून दिलेली अँटिबायोटिक सशाच्या सीकममधले चांगले जिवाणू मारतात आणि त्याच क्लॉस्ट्रिडियमला मोकळे रान देतात. दही, ताक, ग्राइप वॉटर यांतले काही चमच्याने घालण्याआधीही डॉक्टरांना फोन करावा. न खाणाऱ्या सशाला सिरिंजने भरवायचे की नाही, हेही त्यांनाच विचारायचे: आतडे मंदावले असेल तर भरवणे हाच उपचार असतो, पण कुठे अडथळा असेल तर भरवल्याने पोट फुटण्याची वेळ येते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. निघताना सोबत तीन गोष्टी घ्याव्यात: चालू पेलेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, शेवटच्या लेंड्या एका डबीत, आणि गाडीत तोंडासमोर राहील असे मूठभर गवत.